खुर्चीपर्यंत पोहोचवले, पुढे काय? बडोदा १९१७ ते अंधेरी



आमच्या वस्त्यांमध्ये कुणी पोलीस भरतीत निवडले गेले, कुणी वकील झाले, कुणाला महापालिकेत नोकरी लागली की नाक्यावर फ्लेक्स लागतो. गेल्या काही वर्षांत या फ्लेक्सवर नवी पदे दिसू लागली आहेत. टीम लीडर, शिफ्ट इन्चार्ज, असिस्टंट मॅनेजर, ब्रँच मॅनेजर. ज्यांच्या आजोबांनी गिरणीत किंवा गोदीत दुसऱ्याचा हुकूम ऐकला आणि ज्यांच्या वडिलांनी कारखान्यात हजेरीपटावर सही केली, त्यांची मुले आज दहा-पंधरा माणसांच्या कामाची जबाबदारी घेत आहेत. ही साधी गोष्ट नाही.

अशाच एका फ्लेक्सची गोष्ट सांगतो. आमच्या अभ्यासवर्गात येणारा घाटकोपरचा एक तरुण अंधेरीतल्या एका कार्यालयात चार वर्षे कामाला होता. काम चोख होते म्हणून त्याला तिथेच टीम लीडर केले. हाताखाली चौदा माणसे आली. वस्तीत फ्लेक्स लागला. चार महिन्यांनी त्याने राजीनामा दिला, तेव्हा तो फ्लेक्स पावसाने फिका पडला होता, पण उतरला नव्हता. पोरगा घरी यायला मागच्या गल्लीतून येऊ लागला.

आम्ही त्याच्यासोबत बसलो. त्याला कुणी जातीवरून शिवी दिली नव्हती. पण कालपर्यंत सोबत चहा पिणाऱ्यांनी वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. खासगी कंपनीत आरक्षण नाही, हे सगळ्यांना ठाऊक असूनही 'कोट्यातला का रे?' असे हसत विचारले गेले होते. वरच्या साहेबाने टार्गेटचा तक्ता हातात दिला आणि काम कसे करून घ्यायचे यावर एक शब्द बोलला नाही. मग आमचा मित्र दुसऱ्यांची अपुरी कामे स्वतःच रात्री दहापर्यंत बसून पुरी करू लागला. उशिरा येणाऱ्याला तो बोलला नाही, कारण 'साहेब झाल्यावर माजला' हे ऐकायची भीती होती. तिसऱ्या महिन्यात आकडे घसरले. चौथ्या महिन्यात त्याला वाटले की आपली लायकीच नव्हती.

आम्ही विचारले, 'आधी का नाही सांगितलेस?' तो म्हणाला, 'कुणाला सांगू? तुम्ही तर सत्कार करून गेलात.'

हे आम्हाला लागले. कारण ते खरे होते. आम्ही त्याला शाल दिली, पुष्पगुच्छ दिला, जयंतीची वर्गणी घेतली आणि निघून आलो. तेव्हापासून आम्ही एक प्रश्न स्वतःला विचारत आहोत. आपली चळवळ माणसाला खुर्चीपर्यंत पोहोचवायला शिकली. त्या खुर्चीत त्याला टिकवायला शिकली का? बाबासाहेबांना हा प्रश्न माहीत होता का? इतिहास उघडून पाहिला तर उत्तर मिळते. त्यांना तो माहीत होता, त्यांनी तो स्वतः भोगला होता आणि त्यावर त्यांनी कामही सुरू केले होते. ते काम आपण विसरलो.

सुभेदारांची शाळा

आपल्यातले पहिले 'अधिकारी' कोण, असे विचारले तर बहुतेकजण थेट बाबासाहेबांचे नाव घेतात. पण त्यांच्याही आधी माणसांच्या तुकडीची जबाबदारी सांभाळणारे आपले लोक होते. ते इंग्रजांच्या मुंबई लष्करातले हवालदार, जमादार आणि सुभेदार. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जात होता, तोच माणूस पलटणीत हुकूम देत होता. हे शौर्यामुळे तर झालेच. पण त्याचबरोबर लष्कराकडे शाळा होती, कवायत होती, पायरीपायरीची बढती होती आणि हुकमाच्या पाठीशी उभी राहणारी शिस्त होती. सुभेदाराचा हुकूम मोडला तर शिक्षा होणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. इंग्रजांनी हे आपल्या भल्यासाठी केले असे आम्ही म्हणत नाही. त्यांना सैन्य हवे होते. पण माणूस घडवण्याची एक व्यवस्था तिथे होती आणि तिचा फायदा आपल्या दोन-तीन पिढ्यांना झाला.

१८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची लष्करभरती बंद झाली. नोकरी गेली हे आपण सांगतो, पण नेतृत्व घडवणारी शाळाही त्याचबरोबर गेली, हे फारसे सांगितले जात नाही. त्या व्यवस्थेबाहेर काय वाट्याला येत होते, ते गोपाळबाबा वलंगकरांच्या अनुभवातून दिसते. लष्करातून निवृत्त झालेल्या या माणसाची १८९५मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. सवर्ण सभासदांनी त्यांच्यासोबत बसायला नकार दिला. तोच माणूस, तेच कर्तृत्व. पलटणीत चालत होते, बोर्डात चालले नाही. मग बदलले काय होते? पाठीशी उभी असलेली व्यवस्था.

बडोदा, १९१७

आता बाबासाहेबांकडे येऊ. बडोद्याचा प्रसंग प्रत्येक जयंतीला सांगितला जातो आणि डोळ्यांत पाणी येते. पण तो प्रसंग आम्ही इथे वेगळ्या कारणासाठी पुन्हा वाचत आहोत.

महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३मध्ये अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण आणि लंडनमधला अर्धवट राहिलेला अभ्यास घेऊन ते १९१७मध्ये परतले आणि करारानुसार बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. त्यांच्याकडे काय नव्हते? त्या काळात हिंदुस्थानात फार थोड्यांकडे असेल अशी विद्या होती. नेमणुकीचा आदेश होता. राजाचा पाठिंबा होता. त्यांना वेगवेगळ्या खात्यांचा अनुभव द्यावा आणि पुढे मोठे पद द्यावे अशी महाराजांची इच्छाही होती. अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात ते उमेदवार अधिकारी म्हणून, म्हणजे आजच्या भाषेत प्रोबेशनवर, काम शिकत होते.

आणि काय मिळाले नाही? राहायला खोली मिळाली नाही. शिपाई कागद दुरून टेबलावर टाकत. प्यायला पाणी मिळणे कठीण होते. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या पारश्यांच्या टोळक्याने संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम दिला. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, त्याचा निकाल लागला नव्हता. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राचे दार ठोठावले, दोघांनी असमर्थता सांगितली. मग ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

या प्रसंगाकडे आपण अपमान म्हणून पाहतो आणि तो अपमान होताच. पण एका नव्या अधिकाऱ्याचे पहिले अकरा दिवस म्हणून तो पाहा. संधी होती, पात्रता होती, वरचा माणूस अनुकूल होता. तरी सगळे कोसळले, कारण मधली साखळी नव्हती. महाराजांची इच्छा शिपायापर्यंत पोहोचवणारा, खोलीची सोय करणारा, कार्यालयात एखादा शब्द बाजूने बोलणारा माणूस नव्हता. नेमणूक कागदावर एका सहीने होते, पण ती रोजच्या रोज टिकवावी लागते. हे काम राजाच्या पाठिंब्यानेही आपोआप होत नाही.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९१८मध्ये, बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. सुरुवातीला विद्यार्थ्यांनीही फारसे मनावर घेतले नाही. पण तयारीने दिलेली व्याख्याने अशी रंगली की इतर कॉलेजांतले विद्यार्थीही ऐकायला येऊ लागले. सिडनहॅम टिकले आणि बडोदा टिकले नाही, यात बाबासाहेबांची बुद्धी कमी-जास्त झाली नव्हती. मुंबईत ते स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांत राहत होते. दिवसभर झगडून रात्री परतायला एक जागा होती. परळच्या चाळीतली ती खोली लहान होती, पण बडोद्यात तेवढीही नव्हती.

मंत्री झाल्यावर त्यांनी काय मागितले

जुलै १९४२मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. हेही त्यांच्या आयुष्यातले पहिलेच मंत्रिपद होते. त्यांनी सुरुवात कशी केली ते पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १९४२मध्येच सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एकत्र बसवणारी त्रिपक्षीय परिषद दिल्लीत झाली आणि तिचे अध्यक्ष तेच होते. डिसेंबर १९४३मध्ये ते कोळसा खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा त्याचे काम डोळ्यांनी पाहायचे, आणि एकमेकांशी न बोलणाऱ्यांना एका टेबलाशी आणायचे. आज मॅनेजमेंटचे वर्ग हेच महागड्या फीमध्ये शिकवतात.

पण आमच्या मुद्द्यासाठी त्याहून महत्त्वाचे आहे ते ऑक्टोबर १९४२चे निवेदन. अस्पृश्यांच्या तक्रारी मांडणारे हे निवेदन त्यांनी व्हाइसरॉयला दिले. त्यात नोकऱ्यांमधले प्रतिनिधित्व मागितले आणि त्याचबरोबर उच्च व तांत्रिक शिक्षणासाठी पैसाही मागितला. कायदा करणाऱ्याइतकाच तो राबवणारा महत्त्वाचा असतो, ही त्यांची भूमिका होती. परिणाम काय झाला? ऑगस्ट १९४३मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, वयोमर्यादेत आणि परीक्षा शुल्कात सवलत मिळाली. शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला ३ लाख रुपये मंजूर झाले आणि आपले काही विद्यार्थी परदेशात शिकायला गेले.

म्हणजे जागा आणि तयारी या दोन्ही मागण्या त्यांनी एकत्र केल्या. आपण पहिली मागणी पाठ केली, दुसरी अर्धवट लक्षात ठेवली.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. कॉलेज सकाळी भरत असे, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. कालपर्यंत ज्याला पंचायतीसमोर उभे राहून हात जोडावे लागत होते, त्याचा मुलगा तिथे ठराव मांडायला, विरोधकाला उत्तर द्यायला, सभापतीचा आदेश पाळायला शिकत होता. बाबासाहेबांनी पहिले प्राचार्य म्हणून अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकरांना आणले. ते अनुभवी प्राचार्य होते आणि जातीने ब्राह्मण होते. आमच्यातल्या काहींना आजही हे अवघड वाटते. पण बाबासाहेबांचा हिशोब सरळ होता. अनुभव ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून तो आपल्या मुलांपर्यंत आणायचा. संस्थेची दिशा आपल्या हातात ठेवली की शिकायला लाज कसली?

१९५६ सालच्या दोन घटना

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. १९५६मध्ये दोन गोष्टी घडल्या. त्यातली एक आपल्याला तोंडपाठ आहे आणि दुसरी फारशा कुणाला ठाऊक नाही.

पहिली म्हणजे १८ मार्च १९५६चे आग्र्याचे भाषण. शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, ही बाबासाहेबांची वेदना त्या भाषणातून आपल्यापर्यंत आली. आपल्या प्रत्येक व्यासपीठावरून ती सांगितली जाते. नोकरदार दिसला की त्याच्यावर हे वाक्य फेकले जाते. आम्हीही फेकले आहे.

दुसरी घटना त्यानंतर साडेतीन महिन्यांनी घडली. १ जुलै १९५६ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा सुरू केली. पंधरा विद्यार्थी होते. कायदेमंडळात पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथले कामकाज कळावे, बोलता यावे, अभ्यास करून उभे राहता यावे, हा तिचा हेतू. शरीर थकलेले, मधुमेहाने पोखरलेले, समोर धम्मदीक्षेचे प्रचंड काम आणि 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ पूर्ण करण्याची घाई. अशा वेळी या माणसाने पंधरा जणांची शाळा काढली. वक्तृत्वावर ते स्वतः बोलणार होते. त्याआधीच ६ डिसेंबर उजाडला. मार्च १९५७पर्यंत शाळा कशीबशी चालली आणि बंद पडली.

या दोन घटना शेजारी ठेवून वाचा. आग्र्यात त्यांनी दोष दाखवला. मुंबईत त्यांनी उपाय सुरू केला. शिकलेली माणसे का दुरावतात आणि नवी माणसे का कमी पडतात, याचे उत्तर फक्त त्यांच्या नियतीत नाही, ती घडवण्याच्या व्यवस्थेत आहे, हे त्या शाळेतून दिसते. आपण मात्र आग्रा घेतले आणि शाळा सोडून दिली. दोष देण्याचा वारसा चालवला, घडवण्याचा वारसा बंद पाडला.

शाळा बंद पडल्यानंतर सात महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. पुढे त्याची किती शकले झाली ते सांगायला नको. पंधरा जणांची शाळा चालू राहिली असती तर पक्ष फुटलाच नसता असे आम्ही म्हणणार नाही. पण मतभेद झाले तरी संघटना कशी चालवायची, हे शिकवणारी एक तरी जागा उरली असती.

कर्मचाऱ्यांकडून घेतले, त्यांना काय दिले?

१९७०च्या दशकात पुण्यात सरकारी संरक्षण आस्थापनेत काम करणारे कांशीराम आणि डी. के. खापर्डे यांनी कर्मचाऱ्यांना संघटित करायला सुरुवात केली. बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या, दीनाभानांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि त्यातून ठिणगी पडली. ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफची औपचारिक स्थापना झाली. शिकलेल्या नोकरदाराने आपला पैसा, वेळ आणि बुद्धी समाजाला परत द्यावी, हा विचार तिने घरोघरी नेला. आग्र्याच्या वेदनेला मिळालेले ते सर्वांत संघटित उत्तर होते आणि त्याचे ऋण आम्ही मानतो.

पण ऋण मानून एक प्रश्न विचारायला हवा. 'पे बॅक टू सोसायटी' म्हणताना समाजाकडून त्या कर्मचाऱ्याकडे काय जात होते? ज्याची गोपनीय अहवालात शेरा मारून बढती अडवली, ज्याला अडगळीच्या विभागात टाकले, ज्याला पहिल्यांदा वीस माणसांचा प्रमुख केले आणि पहिल्याच चुकीवर चौकशी लावली, त्याला सल्ला द्यायला वस्तीपातळीवर कोण होते? मागासवर्गीय कर्मचारी संघटनांनी अनेकांना वाचवले आहे, हे खरे. पण ते अन्याय झाल्यानंतर. कामाच्या पहिल्या दिवशी सोबत बसणारे फार थोडे होते.

कायद्याची लढाईही खुर्चीपर्यंतच येऊन थांबते. १९९२च्या इंद्रा साहनी निकालाने बढतीतल्या आरक्षणाला नकार दिला. १९९५मध्ये ७७वी घटनादुरुस्ती होऊन कलम १६(४अ) आले. महाराष्ट्रात ७ मे २०२१च्या शासन निर्णयाने बढत्या पुन्हा सेवाज्येष्ठतेवर नेल्या आणि लढा पुन्हा न्यायालयात अडकला. हा लढा लढलाच पाहिजे. पण तो जिंकल्यावर त्या खुर्चीत बसणाऱ्याचे पहिले सहा महिने कोणता शासन निर्णय सांभाळणार आहे?

आणि आता नोकरीच जिथे आहे तिथे हा लढा पोहोचत नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कारखान्यांच्या भोंग्यांवर दिवस चालायचा. तिथे आता मॉल आणि टॉवर उभे आहेत. अंधेरीचे सीप्झ १९७३मध्ये निर्यातीसाठी सुरू झाले. आज त्याच्या आसपास आणि मरोळच्या औद्योगिक पट्ट्यात काचेची कार्यालये आहेत. बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत लोकलमध्ये गळ्यात ओळखपत्र घातलेली आपली मुले-मुली दिसतात. ही सगळी खासगी नोकरी. तिथे आरक्षण नाही, कर्मचारी संघटना नाही. माता रमाबाई आंबेडकर नगर म्हटले की आपल्याला ११ जुलै १९९७चा गोळीबार आणि आपले दहा शहीद आठवतात, आठवलेच पाहिजेत. पण त्याच नगरातली पुढची पिढी आज कुठे, कशी एकटी लढते आहे, हेही आपल्याला ठाऊक असायला नको का?

'हे तर भांडवलशाहीचे काम झाले!'

आमचेच काही साथी म्हणतील, कंपनीला चांगले मॅनेजर घडवून देणे हे आंबेडकरी चळवळीचे काम आहे का? माणूस साहेब झाला की वस्ती सोडतो, मग त्याच्यासाठी आपण का झिजायचे?

आक्षेप पोकळ नाही. वस्ती सोडून गेलेले, आडनाव बदललेले आम्हीही पाहिले आहेत. पण उलट बाजूने विचार करा. संकटात ज्याच्याकडे कुणी फिरकले नाही, तो यश मिळाल्यावर कशाला परत येईल? दुसरे असे की मॅनेजर म्हणजे फक्त जास्त पगार नव्हे. कुणाला कामावर घ्यायचे, कुणाची रजा मंजूर करायची, कुणाला दुसरी संधी द्यायची, हे तो ठरवतो. हाताखालच्या सफाई कामगाराला नावाने हाक मारायची की 'ए' म्हणून, हेही तोच ठरवतो. बाबासाहेबांनी मोक्याच्या जागांविषयी जे सांगितले, त्याचा खासगी क्षेत्रातला अर्थ हाच. आणि तिसरे, आमचा मित्र राजीनामा देऊन आला तेव्हा त्या कार्यालयात एकच निष्कर्ष निघाला असणार. 'यांना जमत नाही.' त्याची किंमत पुढच्या दहा जणांना मोजावी लागते.

निस्सय

आपण बौद्ध आहोत, तर उत्तर शोधायला दूर जायची गरज नाही. विनयात नव्या भिक्खूसाठी नियम आहे. उपसंपदा झाली म्हणून तो लगेच मोकळा होत नाही. किमान पाच वर्षे त्याने उपाध्याय किंवा आचार्याच्या आश्रयाने राहायचे. याला 'निस्सय' म्हणतात. आणि हे नाते एकतर्फी नाही. शिष्याने उपाध्यायाची सेवा करायची, तसेच उपाध्यायानेही शिष्याला शिकवायचे, चीवर-पात्र आहे का ते पाहायचे, आजारी पडला तर शुश्रूषा करायची. ज्याला स्वतःला दहा वर्षे झाली नाहीत त्याने उपाध्याय व्हायचे नाही. अडीच हजार वर्षे संघ टिकला, त्यामागे ही शिस्त आहे. बडोद्यात बाबासाहेबांना नेमके हेच मिळाले नव्हते आणि १ जुलै १९५६ला त्यांनी पंधरा जणांना नेमके हेच देऊ केले.

आम्ही उपनगरातल्या आमच्या अभ्यासवर्गात याची लहानशी सुरुवात केली आहे. कुणीही आपापल्या विहारात करू शकेल असे पाच मुद्दे सांगतो.

एक. फ्लेक्स लावण्याआधी जोडी लावा. बढती मिळालेल्या प्रत्येकाला, किमान दहा वर्षे माणसे सांभाळलेला एक जुना माणूस जोडून द्या. तो बँकेतला असेल, रेल्वेतला असेल, महापालिकेतला निवृत्त मुकादम असेल, रुग्णालयातली सिस्टर इन्चार्ज असेल. पहिले सहा महिने दर आठवड्याला एकदा बोलणे ठरवा. मुलींना बाई मार्गदर्शक मिळेल हे आवर्जून पाहा. त्यांच्यावर जात आणि बाईपण असा दुहेरी भार असतो.

दोन. काम करणे आणि काम करून घेणे यातला फरक शिकवा. आपली मुले कष्टाळू आहेत, म्हणून दुसऱ्याचे कामही स्वतः ओढतात. आमच्या मित्राचे तेच झाले. कुणाला काय काम दिले, कधीपर्यंत दिले, मध्ये कधी विचारायचे, हे लिहून ठेवायची सवय पहिल्या आठवड्यापासून लागली पाहिजे.

तीन. अवघड बोलण्याचा सराव घ्या. जुन्या मित्राला उशिरा येण्यावरून एकांतात कसे बोलायचे, वरिष्ठाला 'एवढ्या माणसांत हे होणार नाही' हे आकड्यांसह कसे सांगायचे, टोमण्याला न चिडता पण गप्पही न बसता उत्तर कसे द्यायचे. विहारात दोघांनी समोरासमोर बसून हे बोलून पाहावे. सिद्धार्थच्या विद्यार्थी संसदेत याहून वेगळे काय होत होते?

चार. नोंद ठेवा. तोंडी आदेश मिळाला की नम्रपणे ईमेलने पक्का करून घ्या. उद्या भेदभावाची तक्रार करायची वेळ आली तर कागद बोलतो. आणि चूक आपली असेल तर तीही त्याच कागदात दिसते, ती मान्य करायला शिका. प्रत्येक अपयश जातीमुळे नसते आणि प्रत्येक वेळी जात नसतेच असेही नाही. हा फरक ओळखायला सोबत अनुभवी माणूस लागतो.

पाच. खुर्चीत बसल्यावर आपण कोण, हे विसरू नका. ज्या वागणुकीने आपल्या आजोबांना जाळले ती आपण हाताखालच्या माणसाला द्यायची नाही. समता, स्वातंत्र्य आणि बंधुता ही जयंतीच्या भाषणापुरती नसतात. ड्युटी लावताना, रजा देताना, चुकलेल्याला समज देताना ती वापरायची असतात.

आमचा मित्र आता दुसरीकडे कामाला आहे. पद लहान आहे. या वेळी मुलुंडचे एक निवृत्त बँक अधिकारी काका दर रविवारी त्याच्याशी बोलतात. गेल्या महिन्यात तिथे त्याला पुन्हा तीन माणसांची जबाबदारी मिळाली. त्याने आम्हाला बजावले आहे की या वेळी फ्लेक्स लावायचा नाही. आम्ही कबूल केले.

मित्रहो, बाबासाहेबांची ती शाळा पंधरा जणांवर बंद पडली. तुमच्या वस्तीत पहिल्यांदा साहेब झालेला मुलगा किंवा मुलगी कोण आहे? यंदा १ जुलैची वाट पाहू नका. आज संध्याकाळी त्याच्या घरी जा आणि विचारा, काम कसे चालले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!